आधी मायबोलीत समजून घ्या, मग परीक्षेच्या भाषेत बोला

डॉक्टरकीचा अभ्यास परक्या भाषेत करत असाल, तर पाठांतराला लागण्याआधी तो आजार स्वतःला मायबोलीत समजावून सांगा, तोही कार्यकारणासकट. उदाहरणार्थ, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा जोर कमी पडतो, रक्त मागे तुंबतं, फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांमधला दाब वाढतो, पाणी झिरपून वायुकोशांत उतरतं आणि म्हणून रुग्णाला आडवं पडलं की दम लागतो. ही साखळी डोक्यात पक्की बसली की पुस्तक मिटा आणि तेच सगळं परीक्षेच्या भाषेत मोठ्याने बोला. जिथे अडखळाल, तेवढेच शब्द वहीत टिपा. अख्ख्या प्रकरणाचे शब्दार्थ लिहीत बसण्यात वेळ फुकट जातो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्याने बोलणं मात्र टाळू नका. वाचून कळलेलं तोंडी परीक्षेत झटकन सुचेलच असं नाही.

वॉर्डात सारख्या उच्चारांच्या संज्ञांपासून फार सांभाळा. हायपोकॅलेमिया आणि हायपरकॅलेमिया घाईत ऐकताना हमखास घोटाळा होतो. पहिल्यात रक्तातलं पोटॅशियम कमी असतं, दुसऱ्यात जास्त, आणि उपचार अगदी उलट. असं काही कानावर पडलं की "म्हणजे पोटॅशियम कमी आहे ना?" असं तिथल्या तिथे विचारा, आकडाही विचारून घ्या. भाषा कच्ची दिसेल म्हणून गप्प राहिलात, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते.