मुंबई–न्यूयॉर्क : अंतर आणि तास मोजताना या चुका टाळा

अंतर मोजायला भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवणारे अजूनही आहेत. नेहमीच्या मर्केटर नकाशावरची (म्हणजे गोल पृथ्वी सपाट चौकोनात ताणून काढलेल्या नकाशावरची) मुंबई–न्यूयॉर्क सरळ रेघ धरून उडालात, तर 14,200 किलोमीटरच्या आसपास भरतात. पृथ्वीगोलावर दोरा ताणा, तेच अंतर सुमारे 12,500 होतं. दोरा मुंबईहून उत्तरेकडे चढतो, स्कँडिनेव्हिया आणि आइसलँडवरून जातो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकापाशी खाली वळतो. नकाशावर वळसा दिसतो तोच जवळचा रस्ता.

एकक न बघता आकडा उचलू नका. सागरी मैल 1.852 किलोमीटरचा, साधा मैल 1.609 चा.

मग 12,500 किलोमीटर भागिले विमानाचा ताशी 900 चा वेग, म्हणजे चौदा तास, असा हिशेब मांडतात. पण तिकिटावरचा वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीची रांग त्यातच येते. शिवाय वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात बंद हवाई हद्दींची भर. अमेरिकी कंपन्यांची विमानं 2022 पासून रशियावरून जात नाहीत, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली. तेव्हा ‘मागच्या वेळी अमुक तास लागले होते’ हे सांगणं व्यर्थ आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा. समजा विमान रात्री 1:30 ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी 7 ला पोहोचतं. साडेपाच तासांत अमेरिका? दोन्ही वेळा स्थानिक असतात. आधी सगळं भारतीय वेळेत लिहायचं, वजाबाकी नंतर. हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे, म्हणजे तिथले सकाळचे 7 हे आपले संध्याकाळचे 5:30. प्रवास 16 तासांचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊचा, तेव्हा हेच आकडे 15 तास दाखवतात. कागद-पेन घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. मनातल्या मनात करण्याची घाईच नडते.

आणि तारीख! तिकिटावर ‘15, 01:30’ असतं. घरचे 15 तारखेला दिवसभर बॅगा भरतात, बेसनाचे लाडू वर्तमानपत्रात गुंडाळतात, शेजाऱ्यांना नमस्कार करून रात्री दहाला सहार विमानतळावर पोहोचतात. दारावरचा जवान तिकीट बघून सांगतो, तुमचं विमान काल रात्रीच गेलं. इथे आपली सवय आड येते. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर मध्यरात्री बाराला. पहाटे चारच्या आतलं विमान असेल, तर कॅलेंडरवर आदल्या दिवसावर लाल पेनाने ‘आज रात्री निघायचं’ असं लिहा. फोनचं स्मरणपत्र पुरेसं नाही. ते लावणाराही तीच चूक करतो.

थांबा असलेलं तिकीट स्वस्त म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध राहत नाही. शिवाय साधारणपणे अमेरिकेत जिथे पहिल्यांदा उतराल, तिथेच इमिग्रेशन होतं आणि सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. तिथे दोन विमानांमध्ये तीन तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नये.

न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे जाणाऱ्यांनी विमानतळ जेएफके की नेवार्क हेही आधी बघावं. नेवार्क न्यू जर्सीतच आहे.