एक्झॉस्टला सिरॅमिक कोटिंग करून घेताय? ऑफ-रोड गाडीवाल्यांनो, या चुका टाळा

जिप्सीच्या बेंड पाइपला (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या वाकड्या पाइपला) पहिल्यांदा कोटिंग करून घेतलं, तेव्हा मी चक्क पैसे मोजून चूक विकत घेतली. एमआयडीसीतल्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे पाइप टाकला. तो म्हणाला, "साहेब, काळं मॅट मारून देतो, हीटप्रूफ असतंय, टेन्शन घेऊ नका." पाइप हातात आला तेव्हा इतका देखणा होता की चिखलात न्यायला जीव होईना. पहिल्याच चढाला लो गिअरमध्ये वीसेक मिनिटं रांगलो आणि बॉनेटमधून जळक्या प्लास्टिकचा वास यायला लागला. संध्याकाळी खाली वाकून पाहिलं, तर कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसं कोटिंग सुटून लोंबत होतं.

साधी पॉलिएस्टर पावडर ओव्हनमध्ये १८०-२०० अंश सेल्सिअसला बसते. पेट्रोल इंजिनावर लोड असताना पोर्टमधून, म्हणजे इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या तोंडातून, बाहेर पडणारा वायू ७०० ते ९०० अंशांचा असतो. तिथे ती पावडर टिकेल कशी? दोष त्या माणसाचा होताच, पण "किती अंशांपर्यंत चालतं?" हे मी विचारलंच नव्हतं.

नावाचा घोळ

आपल्याकडे 'सिरॅमिक कोटिंग' म्हटलं की दहातले नऊ जण गाडीच्या रंगावर पुसायची ती ९एचवाली बाटली समजतात. ती रंगाच्या चकाकीसाठी. सायलेन्सरवर तिचा काही उपयोग नाही. एक्झॉस्टचं कोटिंग वेगळं: पाइपाची उष्णता आतच अडवायला स्प्रे गनने मारायचं, जेमतेम २५ मायक्रॉन जाडीचं. त्यातही प्रकार आहेत. चकचकीत चंदेरी, ॲल्युमिनियम असलेलं कोटिंग साधारण ७०० अंशांपर्यंत चांगलं राहतं. त्यापुढे ते फिकं पडतं आणि खडूसारखं भुरभुरायला लागतं. मॅट काळ्या किंवा करड्या रंगातली काही कोटिंग ९०० च्या पुढेही तग धरतात. पेट्रोल गाडीच्या पोर्टजवळ चंदेरी लावायचा हट्ट धरू नका. मागच्या पाइपला खुशाल लावा.

पाइप तयार करण्यातल्या चुका

कोटिंग सुटलं की सगळे मालाला शिव्या देतात. माझ्या पाहण्यात मात्र बहुतेक वेळा गन हातात घेण्याआधीच काम बिघडलेलं असतं.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे तेल. जुना बिडाचा (ओतीव लोखंडाचा) मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणारा भाग, वर्षानुवर्षं तेल आणि काजळी पीत असतो. वरून थिनरने पुसला की स्वच्छ दिसतो, पण ओव्हनमध्ये टाकला की पोटातलं तेल बाहेर येतं आणि कोटिंगला फोड येतात. म्हणून आधी धुवायचा, मग नुसताच ओव्हनमध्ये तापवून आतलं तेल जाळून काढायचं, आणि त्यानंतर ब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने रेतीचा मारा. धूर यायचा थांबेपर्यंत तापवायचा. एकदा पुरलं नाही तर पुन्हा. घाईतला माणूस नेमकी हीच पायरी गाळतो.

ब्लास्टिंग ॲल्युमिनियम ऑक्साइडने करून घ्या. काचेच्या मण्यांनी पाइप सुंदर दिसतो, पण पृष्ठभाग गुळगुळीत राहतो आणि कोटिंगला पकडायला खरखरीतपणा उरत नाही. ब्लास्टिंगनंतर पाइपला उघडा हात लावायचा नाही. हे सोवळं वाटेल, पण बोटांचे ठसे कोटिंगखालून गंजाचे ठिपके होऊन वर येतात. पावसाळ्यात तर कोकणच्या बाजूला ब्लास्ट केलेलं माइल्ड स्टील दुपारपर्यंत तांबूस व्हायला लागतं. ब्लास्टिंग आज आणि कोटिंग परवा, असं सांगणाऱ्या दुकानातून पाइप उचलून घरी आणा.

आता ब्लास्टिंगनंतर आत उरणाऱ्या रेतीबद्दल, कारण इथे नुकसान पाइपवर थांबत नाही. एका मित्राच्या थारचा मॅनिफोल्ड कोटिंग होऊन आला. डिझेल, टर्बोवाली गाडी. बसवण्याआधी मी तो वर्तमानपत्रावर उलटा धरला आणि रबरी हातोडीने चारी बाजूंनी टिचकावला. कागदावर चहाचा चमचाभर तपकिरी रेती पडली. हवा मारली, पुन्हा टिचकावला, पुन्हा चिमूटभर. ही रेती कागदाऐवजी टर्बाइनच्या पात्यांवर गेली असती, तर टर्बो नवा घ्यावा लागला असता. कोटिंगवाला "साफ केलाय" म्हणाला तरी कागदावर टिचकावून बघाच, विशेषतः वेल्डिंगच्या कोपऱ्यांशी.

गल्लीतल्या फॅब्रिकेटरने बेंड पाइप जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपातून तर बनवला नाही ना, तेही बघा. जस्त ४२० अंशांच्या आतच वितळतं. त्यावर बसवलेलं कोटिंग जस्तासकट निघून येतं, आणि जस्ताचा धूर छातीला वाईट. क्रोम केलेल्या पाइपाचंही क्रोम आधी काढावं लागतं.

वेल्डिंग, भेगा बुजवणं, सेन्सरचा बॉस (तो बसवायचं आट्यांचं तोंड) लावणं, फ्लँज (जोडाची चपटी कड) सरळ करणं हे सगळं कोटिंगच्या आधी. फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरून उजेड दिसतो का बघा. वाकलेल्या फ्लँजला कोटिंग काय करणार? पॅकिंगची बाजू, ऑक्सिजन सेन्सरचे आटे आणि सरकणारे जोड मास्क करायला सांगा, नाहीतर सेन्सर बसवताना आटे सोलले जातात.

"गाडी चालवली की आपोआप पक्कं होतं"

स्प्रे कॅनवाल्यांचा हा आवडता गैरसमज. अशा कॅनवर बहुधा तीन टप्पे दिलेले असतात: अंदाजे १२०, २०० आणि ३१५ अंश, प्रत्येकी अर्धा तास, मध्ये अर्धा तास थंड. डिझेल गाडी दारात नुसती आयडलवर ठेवली तर एवढं तापमान येतच नाही, आणि मागच्या पाइपाला तर नाहीच नाही. उलट पहिल्याच दिवशी घाटात दामटली तर टप्प्याटप्प्याने न तापता एकदम तापतं आणि फोड येतात. सुटा पाइप ओव्हनमध्ये पक्का करून मगच बसवा. घरच्या स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये नको, त्या धुराचा वास पुढच्या केकला लागेल हे सगळ्यात कमी नुकसान आहे. हवेत वाळणाऱ्या कोटिंगला चार-पाच दिवस तरी हात लावू नका.

जाड थर म्हणजे जास्त टिकाऊ, हेही खोटं. स्टेनलेसचा मीटरभर पाइप ६०० अंशांनी तापला की सेंटीमीटरभर लांबतो. पातळ थर त्याच्याबरोबर ताणला जातो, जाड थराला तडे जातात.

पाणी, चिखल आणि ती पट्टी

कोटिंग आणि वरून थर्मल रॅप (पाइपाला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी), असा दुहेरी बंदोबस्त बरेच जण करतात. रेसट्रॅकवर ठीक असेल. आपण ओढे पार करतो. पाण्यातून बाहेर आलेली ती पट्टी म्हणजे पाइपाला गुंडाळलेली ओली गोधडी. गाडी आठवडाभर उभी राहिली की आतून गंज सुरू होतो आणि पट्टीमुळे दिसतही नाही. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफ-रोड स्पर्धेसारख्या चिखलात उतरायचं असेल तर दोन्हींपैकी एकच निवडा. मी कोटिंगच निवडेन.

लालबुंद मॅनिफोल्ड थेट पाण्यात घालू नका. काठावर चार-पाच मिनिटं थांबा. कोटिंग बीड तडकण्यापासून वाचवत नाही. तडा गेलाच, तर काळ्या कोटिंगवर गळतीची काजळी दिसतही नाही. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टिक-टिक ऐकू येते का, त्यावर कान ठेवा. फेब्रुवारी-मार्चच्या वाळक्या गवतात कोटिंगच्या भरवशावर गाडी उभी करू नका. पृष्ठभाग थोडा थंड राहतो, गवत पेटणारच नाही इतका नाही.

बीएस-६ गाडीत कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) किंवा डीपीएफच्या (डिझेलची काजळी अडवणाऱ्या गाळणीच्या) आधीच्या, इंजिनाकडच्या पाइपाला आतून कोटिंग करून घेऊ नका. सुटलेले तुकडे जाळीत जाऊन बसतात. कोटिंगच्या निमित्ताने ते डबेच काढून टाकायचा सल्ला मिळेल. आवाज-धुराचे नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड आहे, तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

गनचा खेळ

कोटिंगआधी आणि नंतर लेझरवाली तापमान गन दाखवून "बघा, किती कमी झालं!" म्हणतात. स्वस्त गन प्रत्येक पृष्ठभाग मॅट धरूनच हिशेब करते. चकचकीत चंदेरी पृष्ठभागातून उष्णतेची किरणं कमी बाहेर पडतात, म्हणून आकडा खोटाच खाली येतो. त्या पाइपावर हीटप्रूफ काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारा आणि गन ठिपक्यावर धरा. आकडा टुणकन वर जाईल. खरा फरक बघायचा असेल तर पाय ठेवायच्या जागेचा पत्रा आणि स्टार्टर मोटरजवळची वायर थर्मोकपलने (टेकवून तापमान मोजायच्या तारेने) मोजा.

बिघडलंच तर

सगळीकडून पापुद्रे सुटले तर तयारी चुकली, पुन्हा ब्लास्ट करण्यावाचून इलाज नाही. फोड आले तर तेल किंवा वेल्डमधली छिद्रं. बारीक गंजाचे ठिपके आले तर थर पातळ किंवा हाताचे ठसे. पेट्रोल गाडीत चारातल्या एकाच पोर्टजवळ रंग फिका पडला असेल तर कोटिंगवाल्याला फोन करू नका. तो सिलिंडर जास्त तापतोय. इंजेक्टर आणि पॅकिंगची गळती तपासून घ्या.

दोन-तीनदा तापून थंड झाल्यावर मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, थंड इंजिनावरच. दगडाने टवका उडाला तर तेवढी जागा वायर ब्रशने घासा, ॲसिटोनने पुसा आणि हीटप्रूफ रंगाचा हात फिरवा. दिसायला ठिगळ दिसेल, पण गाडीखाली वाकून बघणारे आपणच असतो.