‘केलंय’ म्हणजे दर वेळी ‘हॅव डन’ नव्हे

जुलै 2011 मधली गोष्ट. भांडुपहून लोकलने घाटकोपर आणि तिथून 340 नंबरच्या बसने अंधेरी, नोकरीच्या मुलाखतीला. मेट्रो सुरू व्हायला अजून तीन वर्षं होती. साकीनाक्याला बस अडकली आणि तेवढ्या वेळात मी इंग्रजीतली उत्तरं मनात पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. फ्रेट फॉरवर्डिंग, म्हणजे लोकांचा माल देशोदेशी पोचवण्याची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंटेशनची जागा होती. बिल ऑफ लेडिंग, शिपिंग बिल, डिलिव्हरी ऑर्डर ही मालाच्या कागदपत्रांची कामं मला झोपेत उठवून विचारली तरी सांगता आली असती, कारण मस्जिद बंदरला एका कस्टम्स एजंटकडे मी तीन वर्षं तेच केलं होतं. आईच्या ऑपरेशनमुळे ती नोकरी मार्चमध्ये सोडावी लागली होती.

समोर दोघे बसले होते आणि स्पीकरफोनवर लंडन ऑफिसमधल्या एक बाई होत्या. त्यांनी अनुभव विचारला. मी म्हटलं, ‘आय हॅव वर्क्ड विथ अ कस्टम्स एजंट फॉर थ्री इयर्स.’ मग नोटीस पिरियड किती, म्हणजे चालू नोकरी सोडताना किती दिवस आधी कळवावं लागतं, हा प्रश्न आला. मी म्हटलं, नोटीस पिरियड नाही. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, ‘सो यू आर नॉट वर्किंग देअर नाऊ?’ मी लगेच, अगदी ठामपणे सांगितलं, ‘यस.’

ती नोकरी मला मिळाली नाही. दोन आठवड्यांनी मी फोन केला तेव्हा एचआरमधल्या माणसाने सांगितलं की सध्या तुम्ही नोकरीत आहात की नाही हे तुम्ही स्पष्ट सांगितलं नाहीत असं त्यांना वाटलं. म्हणजे मी काहीतरी लपवलं असं वाटलं. मी काहीच लपवलं नव्हतं. त्या फोननंतर मी किती दिवस नीट जेवले नाही ते आईला विचारा.

मी काय चुकले ते मला पुढे दीड वर्ष कळलं नाही. उच्चार कच्चे असतील असं समजून दादरच्या एका क्लासला सहा हजार रुपये भरले. तिथे आरशासमोर उभं करून ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ घोटून घेतले. ज्या दोन चुकांनी नोकरी गेली, त्यांचं तिथे कुणी नावही काढलं नाही. म्हणून हे लिहितेय. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि मुंबईत पहिली-दुसरी नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींसाठी. क्रियापदाची तीन रूपं आणि काळांचा तक्ता तुम्हाला येतो असं धरून चालते.

घोळ त्या तक्त्यापासूनच सुरू होतो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून शिकवायला 2000 साली सुरुवात झाली, तोवर आम्ही पुढे गेलो होतो. बाईंनी फळ्यावर लिहून दिलं: प्रेझेंट परफेक्ट म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ. ‘मी पत्र लिहिले आहे’, ‘आय हॅव रिटन अ लेटर’. ‘आहे’च्या जागी ‘हॅव’ टाका, झालं भाषांतर. हे वाक्य बरोबरच आहे, म्हणून कुणाला शंका येत नाही. मराठी व्याकरणाची मांडणीच मुळात इंग्रजीच्या धर्तीवर झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 साली आलं, तेव्हापासूनची ही वाट आहे. त्यामुळे दोन्ही भाषांतल्या काळांची नावं जुळतात. नावं जुळली म्हणून वागणूक जुळते असं नाही, आणि हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही.

आपण घरात कसं बोलतो ते ऐका. ‘मी काल मेल पाठवलाय.’ ‘बाबा 2004 साली रिटायर झालेत.’ ‘परवाच भरलंय लाइटचं बिल.’ एकही वाक्य कानाला खटकत नाही. मराठीत ‘पाठवला’ म्हणजे घडलं तेवढं सांगितलं आणि ‘पाठवलाय’ म्हणजे समोरच्याला भरवसा दिला की काम झालेलं आहे, काळजी नको. म्हणून ऑफिसात आपल्या तोंडी ‘पाठवलाय’च जास्त येतं. त्याच्यासोबत ‘काल’ असो, ‘परवा’ असो, नाहीतर 2004 साल असो, मराठीला काही अडचण नसते.

इंग्रजीला असते. ‘आय हॅव सेंट द मेल येस्टर्डे’ हे वाक्य चूक आहे. ‘हॅव’ हा वर्तमानकाळ आहे. तो बोलणाऱ्याला आजच्या क्षणात उभा करतो आणि म्हणतो की मेल गेलेला आहे, आत्ताची परिस्थिती ही अशी आहे. ‘येस्टर्डे’ त्याच बोलणाऱ्याला उचलून काल नेऊन ठेवतो. एकाच क्रियापदाला दोन्हीकडे उभं राहता येत नाही. म्हणून एकतर ‘आय हॅव सेंट द मेल’, नाहीतर ‘आय सेंट द मेल येस्टर्डे’.

हे मला पुढे बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसात एका सीनियरनी शिकवलं. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, मराठी शाळेत शिकलेले. माझ्या मेलच्या प्रिंटवर त्यांनी ‘हॅव’ आणि ‘येस्टर्डे’ या दोन शब्दांभोवती लाल पेनने गोल केले आणि म्हणाले, ‘या दोघांना एका खोलीत ठेवू नकोस.’ माझं ठाम मत आहे की इंग्रजी विचारायचं तर अशाच माणसाला विचारा. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मैत्रीण तुमचं वाक्य दुरुस्त करून देईल, पण तुम्ही तिथे का अडखळलात ते तिला सांगता येणार नाही, कारण तिला तिथे कधी ठेचच लागलेली नसते.

त्यांनी दिलेली कसोटी अशी. वाक्याने ‘कधी?’ या प्रश्नाचं उत्तर दिलं असेल आणि ती वेळ संपून गेलेली असेल, तर ‘हॅव’ नको. ‘लास्ट वीक’, ‘इन 2008’, ‘टू डेज अगो’, ‘ऑन मंडे’, ‘व्हेन आय वॉज इन कॉलेज’ या सगळ्यांसोबत साधा भूतकाळ. ‘जस्ट’, ‘ऑलरेडी’, ‘यट’, ‘सो फार’ यांच्यासोबत ‘हॅव’ चालतं, कारण त्यात नेमकी संपलेली वेळ सांगितलेली नसते. ‘टुडे’ किंवा ‘धिस वीक’ असेल तर दिवस आणि आठवडा अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव कॉल्ड हिम ट्वाइस टुडे’ बरोबर. प्रश्न विचारतानाही हेच. ‘व्हेन हॅव यू सेंट इट?’ असं मी कितीतरी वर्षं लिहीत होते. ‘व्हेन’ म्हणजेच ‘कधी’, मग तिथे ‘हॅव’ कुठून येणार? ‘व्हेन डिड यू सेंड इट?’

अमेरिकन माणूस ‘आय ऑलरेडी सेंट इट’ म्हणेल आणि ब्रिटिश माणूस बहुधा ‘आय हॅव ऑलरेडी सेंट इट’ म्हणेल. दोन्ही बरोबर. त्यात वेळ घालवू नका.

आता माझं मुलाखतीतलं वाक्य पाहा. त्यात ‘येस्टर्डे’ नव्हतं, साल नव्हतं, व्याकरणात बोट ठेवायला जागा नव्हती. तरी ते चुकीचंच होतं. ‘मी तिथे तीन वर्षं काम केलंय’ असं मराठीत म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, अनुभव गाठीशी आहे आणि ती नोकरी बहुधा मागे पडली आहे. इंग्रजीत ‘आय हॅव वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स’ म्हटलं की ऐकणारा धरून चालतो की ही बाई आजही तिथेच आहे. तीन वर्षं मागे सुरू झाली आणि आजपर्यंत येऊन पोचली, असा तो हिशोब असतो. नोकरी सोडली असेल तर ‘आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स.’ बस. एक ‘हॅव’ काढला असता तर नोटीस पिरियडचा प्रश्नच आला नसता.

उलट बाजूही लक्षात ठेवा. नोकरी अजून चालू असेल तर मराठीत आपण ‘करतेय’ म्हणतो, म्हणजे चालू वर्तमानकाळ. ‘तीन वर्षांपासून तिथे काम करतेय.’ ते सरळ उचलून आपण ‘आय अ‍ॅम वर्किंग देअर सिन्स थ्री इयर्स’ म्हणतो. तिथे नेमका ‘हॅव’ हवा असतो: ‘आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स.’ जिथे मराठीत ‘केलंय’ आहे तिथे ‘हॅव’ काढायचा आणि जिथे ‘करतेय’ आहे तिथे घालायचा. ही अदलाबदल डोक्यात बसायला मला वर्ष लागलं. तुम्हालाही वेळ लागेल, त्यात कमीपणा काही नाही. पण मुलाखतीला जाण्याआधी एवढी दोन वाक्यं तरी पक्की करा. बाकी इंग्रजी कच्चं असलं तरी चालून जातं, नोकरीच्या तारखांचा गोंधळ चालून जात नाही. तिथे तुमच्या भाषेवर नाही, तुमच्या खरेपणावर शंका येते.

दुसरी चूक ‘यस’ची. ‘तुम्ही आता तिथे नाही ना?’ असं कुणी विचारलं की आपण ‘हो’ म्हणतो. म्हणजे तुम्ही म्हणताय ते बरोबर. इंग्रजीत ‘यस’ आणि ‘नो’ समोरच्याच्या म्हणण्याला नसतात, घडलेल्या गोष्टीला असतात. काम करत असाल तर ‘यस, आय अ‍ॅम’. करत नसाल तर ‘नो, आय अ‍ॅम नॉट’. प्रश्न होकारार्थी असो की नकारार्थी, उत्तर बदलत नाही. मी ‘यस’ म्हटलं तेव्हा त्या बाईंना ऐकू आलं, ‘आहे, करतेय.’ आणि समोर टेबलावर माझं मार्चचं रिलीव्हिंग लेटर, नोकरी सोडल्याचं पत्र, पडलेलं.

बाकीच्या अडचणी याहून लहान आहेत, पण एकीने आमच्या ऑफिसात खरा खर्च ओढवला. मराठीत ‘पर्यंत’ एकच शब्द आहे, इंग्रजीत त्याचे दोन होतात. रिकामा कंटेनर शिपिंग लाइनला ठरलेल्या दिवसांत परत गेला नाही तर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार लागतो, रोजच्या हिशोबाने. एका नव्या मुलाने पार्टीला कळवलं, ‘यू कॅन कीप द कंटेनर टिल फ्रायडे.’ त्याला म्हणायचं होतं की शुक्रवारपर्यंत कंटेनर यार्डात परत पोचला पाहिजे. पार्टीने शुक्रवारभर ठेवला आणि शनिवारी पाठवला. एका दिवसाचे पैसे भरताना दोघांचं भांडण झालं. ‘टिल’ म्हणजे तोवर ते चालू राहणार: ‘आय विल वेट टिल सिक्स.’ ‘बाय’ म्हणजे त्याच्या आत उरकणार: ‘आय विल फिनिश बाय सिक्स.’ ‘रिटर्न इट बाय फ्रायडे’ एवढंच लिहायला हवं होतं. ‘पासून’चंही तसंच. सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स 2008’, मोजलेला काळ असेल तर ‘फॉर थ्री इयर्स’.

‘डिड नॉट वेंट’ तर तुम्हाला शाळेपासून माहीत आहे, तरी घाईत तोंडातून जातं. भूतकाळ ‘डिड’ने उचलला की पुढचं क्रियापद मूळ रूपात, ‘डिड नॉट गो’. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ लागत नाही. ‘वन ऑफ माय’नंतर अनेकवचन, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’. आपल्या ‘च’साठी ‘ओन्ली’ लावायची सवय, ‘आय केम टुडे ओन्ली’, बोलताना राहिली तरी बिघडत नाही, मेलमधून काढा. ‘आय हॅव अ डाउट’ इथे सगळ्यांना कळतं, परदेशी माणसाला मात्र वाटतं की तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. त्याला ‘क्वेश्चन’ म्हणा. ‘प्रीपोन’ची लाज बाळगू नका, तो शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे.

‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ यांना घाबरू नका. मराठीत ते नाहीतच, त्यामुळे आयुष्यभर थोडे चुकणार. माझे अजून चुकतात. त्यावरून कुणी नोकरी नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. एवढंच की ‘अ’ की ‘अ‍ॅन’ हे अक्षर बघून ठरवू नका, उच्चार ऐकून ठरवा: ‘अ युनिव्हर्सिटी’, पण ‘अ‍ॅन एमबीए’.

तीस दिवसांत फाडफाड इंग्रजीच्या जाहिराती लोकलच्या डब्यात तुम्ही रोज वाचता. पैसे भरू नका, हे मी हात जोडून सांगते. पाठ केलेली उत्तरं पहिल्या प्रश्नाला उपयोगी पडतात, दुसऱ्या प्रश्नाला माणूस उघडा पडतो. मोबाइल चुकीच्या शब्दाखाली रेघ मारतो ते ठीक, पण माझं ‘आय हॅव वर्क्ड’ व्याकरणात बसणारं होतं, त्याच्याखाली कुठली रेघ आली असती? मला उपयोग झाला तो साध्या वहीचा. भांडुप ते सीएसटी बसायला जागा मिळाली की दिवसभरात बोललेली पाच मराठी वाक्यं डावीकडे लिहायची, उजवीकडे इंग्रजी, आणि प्रत्येकापुढे ‘कधी?’ असं विचारून खूण करायची. सहा महिन्यांत दोन वह्या भरल्या. सुरुवातीच्या पानांवर खुणाच खुणा आहेत.

नकारार्थी प्रश्नांसाठी मात्र वही कामाची नाही. ते तोंडाने, मोठ्याने करावं लागतं, घरातल्या कुणाला तरी समोर बसवून. माझी धाकटी बहीण भांडी घासता घासता विचारायची, ‘यू डोन्ट लिव्ह इन ठाणे?’, ‘यू हॅवन्ट ईटन?’, आणि मी चुकले की तोच प्रश्न परत. आता मी रोज परदेशी ऑफिसांशी फोनवर बोलते. पलीकडून ‘सो यू डिडन्ट रिसीव्ह द डॉक्युमेंट्स?’ असं आलं की आतून अजूनही आधी ‘हो’च वर येतं. मी क्षणभर थांबते आणि मग म्हणते, ‘नो, वी डिडन्ट.’