हळदीकुंकवात स्तनकर्करोगावर बोलताना

इंदूरच्या मराठी मंडळांकडून स्तनकर्करोगावर बोलण्याची निमंत्रणे बहुधा दोन वेळा येतात: संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांसाठी आणि ऑक्टोबरात, जो या आजाराच्या जागृतीचा महिना मानला जातो. व्यासपीठावर नवख्या असलेल्या शल्यचिकित्सकांनी होकार देण्यापूर्वी समोर कोण बसणार आहे हे विचारून घ्यावे. या आजाराचा धोका वयाबरोबर वाढतो, आणि साठीच्या पुढच्या ज्या बायकांनी हे ऐकायला हवे त्यांच्यापैकी कित्येक जणी विधवा असल्यामुळे हळदीकुंकवाला येतच नाहीत. म्हणून मी संयोजकांकडे वाण लुटण्याच्या आधीची वेळ मागते आणि व्याख्यान सर्व महिलांसाठी आहे असे निमंत्रणात स्पष्ट लिहायला लावते. एकदोन ठिकाणी यावरून कपाळाला आठ्या पडल्या, पण खुर्च्या भरल्या.

‘स्तन’ हा शब्द पहिल्याच वाक्यात, आवाज न उतरवता उच्चारावा. वक्तीच ‘छातीचा आजार’ म्हणू लागली तर श्रोत्यांना हृदयविकार आठवतो आणि यात लाजण्यासारखे काही आहे असेही वाटते. इथल्या कित्येक बायका गाठीला हिंदी वळणाने ‘गठान’ म्हणतात, तो शब्द सुधारत बसू नये.

माझ्या पहिल्या व्याख्यानात मी जगण्याच्या टक्केवारीचे आलेख दाखवले होते. चाळीस मिनिटांनी दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, “ते सगळं खरं गं बाई, पण दुखत नसेल तरी दाखवायचं का?” नेमके तेवढेच सांगायचे राहून गेले होते. तेव्हापासून मी सुरुवातच तिथून करते: कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखणारी गाठ लगेच दाखवावी. स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, काखेत गाठ लागणे, ही लक्षणेही त्याच ओघात सांगावीत आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे सांगायला विसरू नये.

आलेखांऐवजी मी आता सैल मळलेल्या कणकेचे चार गोळे नेते. त्यांतल्या दोन गोळ्यांत खोलवर चिंचोका दडवलेला असतो आणि प्रत्येक गोळा पातळ पिशवीत बांधलेला असतो. बायका तो आधी चिमटीत धरून पाहतात आणि चिमटीत तर साधी कणीकही गाठीसारखीच लागते. मग मधल्या तीन बोटांचे पेर सपाट ठेवून हलके गोल फिरवायला सांगितले की चिंचोका हाताला लागतो आणि तो ज्या बाईला लागतो तिचा चेहरा सगळ्या सभागृहाला दिसतो. मात्र दर महिन्याच्या स्वतपासणीने जीव वाचतोच असे आश्वासन देऊ नये. शांघायमध्ये सुमारे २ लाख ६६ हजार गिरणी कामगार स्त्रियांवर झालेल्या चाचणीच्या २००२ मधील अंतिम निष्कर्षांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, उलट निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासण्या, वाढल्या. बदल जाणवलाच तर बाईने वाट पाहू नये, एवढ्यासाठीच हे गोळे आहेत.

प्रश्न चिठ्ठीवर मागवावेत, तिळगुळाचा रिकामा डबा त्याला पुरतो. सुई टोचल्याने आजार पसरतो का, ही चिठ्ठी हमखास निघते आणि तिचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे द्यावे. स्तन काढावाच लागतो का, यालाही आधार आहे: २००२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या इटली आणि अमेरिकेतील वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार सुरुवातीच्या आजारात फक्त गाठ काढून किरणोपचार दिलेल्या स्त्रिया पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगल्या. व्याख्यानानंतर अर्धा तास मोकळा ठेवावा, कारण ‘माझ्या नणंदेला विचारायचंय’ म्हणत येणारी बाई पुष्कळदा स्वतःबद्दलच विचारत असते.

कौटुंबिक डॉक्टर आणि परिचारिकांसमोर मात्र वेगळे बोलावे लागते. हाताने केलेल्या तपासणीला ते कमी लेखतात, म्हणून मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची १९९८ मध्ये सुरू झालेली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेली चाचणी त्यांना सांगावी: प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधील या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, सर्व वयोगट मिळून मात्र ही घट संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. त्यानंतर तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी हा क्रम पक्का करून घ्यावा, कारण सुईआधीच गाठ काढून मोकळे होण्याची सवय पुढची शस्त्रक्रिया बिघडवते. शक्य असल्यास पॅथॉलॉजिस्टला सोबत न्यावे आणि रुंद तोंडाची एक बरणीही न्यावी; काढलेला तुकडा तासाभराच्या आत, त्याच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रवात) बुडाला नाही तर संप्रेरक ग्राहकांची (हार्मोन रिसेप्टर, म्हणजे पेशींवरचे हार्मोन पकडणारे रेणू) तपासणी फसू शकते. बरणीवर रुग्णाचे नाव, डावी की उजवी बाजू आणि तुकडा काढल्याची वेळ तिथेच प्रत्येकाकडून लिहून घ्यावी; वेळ लिहायची बहुतेक जण विसरतात.