जुन्या घराच्या तळघराला उष्णतारोधक आवरण : माझा अनुभव

आमच्या तळघराच्या दगडी भिंती हिवाळ्यात इतक्या गार पडत की वरच्या खोलीची फरशीही थंडगार लागे. आवरण लावण्यापूर्वी ओल कुठून येते हे पाहणे आवश्यक होते, म्हणून प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांनी भिंतीवर चिकटवून दोन दिवस ठेवला. पाणी त्याच्या खोलीकडील बाजूस जमले असते, तर ते हवेतील बाष्प ठरले असते. ते भिंतीकडील बाजूस जमले, म्हणजे ओल भिंतीतूनच येत होती. त्यामुळे आधी छपराच्या पन्हळीचे पाणी पायापासून दूर नेले, घराभोवतीच्या मातीला बाहेरच्या बाजूस उतार दिला आणि भिंती पूर्ण वाळू दिल्या. हे काम कंटाळवाणे असले तरी खरी दुरुस्ती तीच, असे माझे मत आहे.

काचतंतूची गादी मी टाळली, कारण उबदार हवा तिच्यातून गार दगडापर्यंत पोहोचते, तेथे दव धरते आणि गादी भिजली की तिचा उपयोग संपतो. त्याऐवजी, सुटलेला चुना खरवडून ५० मिलिमीटर जाडीचे एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीनचे (एक प्रकारच्या कडक फोमचे) फलक फोमला चालणाऱ्या गोंदाने चिकटवले आणि सांध्यांवर पट्टी लावली. भिंतीचा माथा आणि लाकडी तुळया यांमधील फटींत फवाऱ्याचा फोम भरला; सर्वाधिक वारा तेथूनच येत होता. हे फलक ज्वलनशील असल्याने त्यांवर जिप्सम बोर्ड बसवला, मात्र तो जमिनीपासून बोटभर वर ठेवला.