आवाज खाली आणायचा रियाज

पंचवीस वर्षं मी गणपतीच्या मांडवात गायलो. समोर गर्दी, मागे जनरेटर आणि माइकवाल्याने एको शेवटपर्यंत फिरवलेला. अशा गळ्याला बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं हळुवार, गिटारवरचं गाणं शिकवणं म्हणजे बैलाला तांदूळ निवडायला बसवणं. तरी थोडंफार जमलं, ते अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा आणि ब्राझीलचा संगीतकार अँतोनियो कार्लोस जोबिम यांच्या १९६७ च्या रेकॉर्डमुळे. ब्रास बँडला पुरून उरणारा सिनात्रा इथे ५१ व्या वर्षी चक्क कानाशी कुजबुजतो. ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी असं तीन दिवसांत हॉलीवूडमध्ये ध्वनिमुद्रण झालं. गाणी दहा, सगळी मिळून अर्धा तासही भरत नाहीत.

पहिला आठवडा गाऊच नका. हेडफोन लावून फक्त गिटार ऐका. अंगठा खर्जाच्या तारांवर संथ चालतो, बोटं मात्र ठोक्याच्या आगेमागे पडतात. सांबा या ब्राझीलच्या नाचगाण्यातल्या अख्ख्या ताफ्याची चाल एका गिटारीत बसवायची ही ढब १९५८ च्या सुमारास तिथल्याच झुआँव जिल्बेर्तो या गायक-गिटारवादकाने रुजवली. टेबलावर बोटाने 'एक-दोन' धरा आणि वजन दोनवर द्या. आपला हात समेवर जोरात पडायला सोकावलेला असतो, त्यामुळे हे वाटतं तितकं सोपं नाही. मला आठ दिवस लागले.

मग या रेकॉर्डवरचं 'क्वायट नाइट्स' हे गाणं घ्या. मूळ पोर्तुगीज नाव 'कोर्कोवादो', रिओच्या डोंगराचं. आवाज किती ठेवायचा? माझी कसोटी अशी: बायको स्वयंपाकघरात आहे, मी बाहेरच्या खोलीत. तिने "आज कोणतं गाणं काढलंय?" असं विचारलं की मी मोठ्याने गातोय. माइक तोंडापासून चार बोटं, जरासा तिरका, म्हणजे 'प' आणि 'ब' फुटत नाहीत. नवखे इथेच फसतात. आवाज उतरवताना दमही सोडून देतात आणि शब्द विरघळून जातात. आवाज खाली, पण पोटाचा आधार तेवढाच आणि व्यंजनं खणखणीत. सिनात्रा शब्द किती स्वच्छ टाकतो ते ऐका.

हरकती, मुरक्या बंद. हे सर्वांत जड गेलं. त्यासाठी 'हाउ इन्सेन्सिटिव्ह' हे गाणं उत्तम. काळी दोन-तीन काहीही सा धरा, सुरुवातीला चाल पंचम आणि कोमल धैवत यांच्यातच घुटमळते. साथीतले खालचे स्वर मात्र अर्ध्या-अर्ध्या सुराने उतरत जातात. शोपँ या संगीतकाराच्या ई मायनर प्रेल्यूड या पियानोच्या छोट्या रचनेशी याचं साम्य अनेकांनी दाखवलंय. सगळी करुणा त्या उतरण्यात आहे, गळ्याने वर काही चढवायची गरजच नाही. हे पेटीवर वाजवून बघायला गेलो आणि लक्षात आलं की डावा हात भात्यावर अडकलाय! शेवटी नातवाचा कीबोर्ड उसना घेतला.

एका गाण्याचं नाव 'डिंडी' लिहिलेलं दिसलं तरी म्हणायचं 'जिंजी'. 'द गर्ल फ्रॉम इपानेमा' या गाण्यामध्ये जोबिम पोर्तुगीजमध्ये गातो, तिथले अनुनासिक स्वर मालवणी किंवा कोकणी बोलणाऱ्याला सहज येतील. मी पुणेरी, मला नाक दाबावं लागलं.

ओळ ठोक्याच्या किंचित मागे सोडायची, पण मागे रेंगाळायचं नाही, गिटार थांबत नाही. रात्री फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि सकाळी चहाच्या आधी ऐका. रात्री सगळंच छान वाटतं.

जुनी अमेरिकी गाणी शेवटी ठेवा. या रेकॉर्डवर तशी तीन आहेत. 'चेंज पार्टनर्स' अर्व्हिंग बर्लिनचं, १९३८ सालचं. ब्राझीलचा काही संबंध नसलेलं गाणं क्लाउस ओगरमनच्या संयोजनात कसं वळतं ते त्यात कळतं. ते जमल्यावर मी एक आपलं भावगीत असंच, केहरव्यात, अगदी खाली गाऊन पाहिलं. दुसऱ्या कडव्याला तबलजीने हात थांबवला आणि विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"