सीओपीडीचा उपचार आणि हृदयावरचा ताण

सीओपीडीत (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) फुप्फुसात अडकलेली हवा हृदयाला चेपते, त्यात रक्त कमी भरतं. इनहेलर नीट पोचला की ही हवा सुटते. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, स्पेसरमधून (पंपाला जोडायची पोकळ नळी) सावकाश ओढा, 10 सेकंद धरा. दुसरा पफ मिनिटभराने. सालब्युटामॉल, म्हणजे दम लागल्यावर लगेच आराम देणारं इनहेलरचं औषध, गरजेपुरतंच; जास्त झालं तर धडधड, हातांना कंप, आणि पोटॅशियमही घसरतं.

रक्तातला ऑक्सिजन घटला की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात, हृदयाच्या उजव्या बाजूवर भार येतो, पाय सुजतात. घरी ऑक्सिजन लिहून दिला असेल तर दिवसाला किमान 15 तास, झोपेसकट. पाहुणे आले की नळी काढून ठेवणारे बरेच. तिथेच फायदा हरवतो. ऑक्सिमीटरवर 88 ते 92 टक्के पुरेत. 98 च्या हट्टापायी फ्लो वाढवला तर कार्बन डायऑक्साइड साठू शकतो: सकाळी डोकं जड, गुंगी. समई, शेगडी, बिडी यंत्रापासून लांबच.

हृदयासाठीची बिसोप्रोलॉलसारखी गोळी ‘दम लागतो’ म्हणून परस्पर बंद करू नका. अंगात पाणी साठतंय का हे कळायला रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.